काट्याच्या पलीकडं

उन्हाळा मला आवडतो म्हटलं की लोक मला वेड्यात काढतात. काढू देत. वैशाख लागला, दुपारचं वारं तापून सुटलं, खिडकीची तावदानं थरथरायला लागली, की मी खुर्ची ओढून दाराशी बसतो. शेजारचे देशमाने सर म्हणतात, "काका, आत बसा, ऊन लागंल." आता या वयात ऊन लागून लागून किती लागणार? जे लागायचं ते चाळीस वर्षांपूर्वीच लागून गेलंय.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. लोहाऱ्याच्या बाजूला एका उघड्या माळावर आमचं उपकेंद्र होतं. वीज तिथं मोठ्या दाबानं यायची, ट्रान्सफॉर्मरमधून दाब उतरायचा आणि तीन फीडरांमधून, म्हणजे तीन मुख्य तारांमधून, गावागावाला जायची. आवारात काळी खडी, तारेचं कुंपण, एक लिंबाचं झाड, आणि दिवसरात्र घुमणारा तो ट्रान्सफॉर्मर. मी ऑपरेटर. काम काय, तर बघत बसणं. भिंतीला लोखंडी पॅनेल, प्रत्येक फीडरला एक गोल घड्याळासारखं मीटर, त्यात काटा. दाब किती, करंट किती, ते काट्यानं सांगायचं आणि मी बघायचं. वरून फोन आला की फीडर बंद करायचा, पुन्हा फोन आला की चालू करायचा. आमच्या आईला हे काम शेवटपर्यंत पटलं नाही. ती म्हणायची, "दिसभर निस्तं बघत बसायचा पगार देत्यात व्हय रं?"

परवा मला माझ्या लेकीनं, सुजातानं, तिचं काम दाखवलं. ती पुण्याकडं एका संशोधन संस्थेत आहे. फोनवरच तिनं तिच्यासमोरचा पडदा फिरवून दाखवला. नुसत्या चौकटीच चौकटी! एकेक चौकट म्हणजे एकेक चॅनेल, आणि प्रत्येक चॅनेलमधून हजारो व्होल्टचा दाब कुठल्या तरी नाजूक यंत्राला जातो. किती दाब मागितला, किती मिळतोय, करंट किती, सगळं दशांश चिन्हापर्यंत. ठीक असलं की हिरवं, बिनसलं की लाल. दाब हळूहळू चढवायचा, हळूहळू उतरवायचा, आणि हे सगळं खुर्चीत बसून, कॉम्प्युटरच्या उंदरावर बोट ठेवून.

"म्हणजे तूही बघतच बसतेस की," मी म्हणालो.

"हो बाबा. फक्त माझा पगार तुमच्यापेक्षा बरा आहे."

मी विचारलं, "या चौकटीच्या पलीकडं कोण असतं?"

"कोण म्हणजे? डिटेक्टर असतो."

"माणूस नसतं?"

"माणूस कसं असेल, बाबा!" ती हसली, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवून गेली. ती कामाची माणूस आहे. रविवारी फोन येतो. बाकी सहा दिवस मी, हे घर, आणि भिंतीवरचा कमलचा फोटो.

कमल म्हणजे माझी बायको. त्या उन्हाळ्यात ती पोटुशी होती, पहिलटकरीण. क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा. उपकेंद्राच्या विहिरीनं माघातच मान टाकली होती. टँकर यायचा तेव्हा यायचा. कमल दोन हंड्यांवर दोन दिवस काढायची आणि वर मलाच म्हणायची, "तुमी आंघोळ करा, माणसांत बसायचंय तुमाला." माणसांत! त्या माळावर माणूस दिसलं तर कुत्रीसुद्धा उठून उभी राहायची.

मग एक दिवस तिचे वडील बैलगाडी घेऊन आले. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांचं गाव तेरणेच्या काठाला. नदी कोरडी ठाक होती, पण गावाच्या खालच्या अंगाला एक डोह अजून तग धरून होता. त्या डोहावर गावच्या उपसा सिंचन सोसायटीची मोठी मोटार होती आणि मामा त्या मोटारीवर ऑपरेटर. सोसायटीनं ठराव करून पिकांचं पाणी बंद केलं होतं. सकाळी एकदा मोटार चालवायची, गावचा हौद भरायचा, की बंद. बौद्ध वस्तीतला माणूस सोसायटीच्या मोटारीवर, हे गावात काहींना खुपायचं. पण मोटार मामांशिवाय कुणाचं ऐकायची नाही, म्हणून सगळे गप्प. ते मोटारीबद्दल बोलायचे तेही घरातल्या माणसासारखं, "आज तिला बरं न्हाय," "आज तिनं लई छळलं."

गाडीत गोधडी अंथरून कमलला बसवलं. मी खुळ्यासारखा गाडीच्या चाकाशी उभा. विचारलं, "मामा, मला कळणार कसं?"

प्रश्न खराच होता. गावात फोन नव्हता. एरवी दूध संघाची गाडी त्या गावाहून येऊन आमच्या माळावरून जायची, ड्रायव्हर खुशाली सांगायचा. पण जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, गाडीच बंद पडली.

मामांनी बिडी विझवली. "पाव्हणं, आमची मोटार तुमच्या काट्यात दिसती का?"

दिसायची. हीच तर त्या दुष्काळाची गंमत. चांगल्या सालात त्या फीडरवर शेकडो मोटारी असायच्या, काटा गच्च भरून वर गेलेला, त्यात कोण कुणाची मोटार ओळखणार? त्या वर्षी विहिरीच आटल्या, मोटारी विहिरीतून काढून लोकांनी घरात नेऊन ठेवल्या. काटा खाली येऊन पडून राहिला. कुठं एखादी पिठाची गिरणी, बस्स. अशा रिकाम्या फीडरवर सकाळी मामांची मोटार सुरू झाली की काटा ताडकन उडायचा आणि मग थोडा खाली येऊन स्थिर व्हायचा.

"मग झालं," मामा म्हणाले. "रोज एकदा चालू करतो, तसं करीन. ती बाळंत झाली, दोघं खुशाल असली, तर चालू करीन, बंद करीन, परत चालू करीन. समजून घ्या."

"आणि पोरगं का पोरगी?"

"ते येऊन बघा. समदंच काट्याला सांगितलं तर तुमी याचेच न्हाईत."

मी हसलो. मग जिभेवर आलेलं विचारूनच टाकलं, "आणि काही वाईट झालं तर?"

मामा गाडीवर चढले, कासरा हातात घेतला. "वाईट सांगाया मोटार लागत न्हाय, पाव्हणं. माणूस येतंय."

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी आत येऊन मीटरसमोर बसलो. तिथून माझा उन्हाळा सुरू झाला.

लोक म्हणतात एकटेपणा म्हणजे शांतता. साफ खोटं. ट्रान्सफॉर्मरचं घूं कानात इतकं मुरतं की ते ऐकू येईनासं होतं आणि मग माणूस स्वतःशी बोलायला लागतो. मी काट्याशी बोलायचो. सकाळी दाढी न करता, तोंडात दातण तसंच ठेवून मीटरपुढं उभा राहायचो. उडाला काटा! म्हणजे मामा मोटारीवर पोचले. म्हणजे हौदात पाणी पडायला लागलं. म्हणजे थोड्या वेळानं कमलची आई, म्हणजे मामी, हंडा घेऊन निघंल, कमलही मागं मागं येईल, आणि मामी तिला ओरडंल, "वझं उचलू नगं गं!" हे सगळं मला काट्यात दिसायचं. काटा स्थिर झाला की मी चहा ठेवायचो. दिवसातला माझा संसार तेवढाच.

एक दिवस काय झालं, सकाळी काटा उडाला, स्थिर झाला, आणि धाडकन खाली पडला. मी नीट बघेपर्यंत पुन्हा उडाला! चालू, बंद, चालू. मी असा ओरडलो की लिंबावरचे कावळे उडाले. आमचा लाइनमन शिवाप्पा आवारात सायकल पुसत होता, तो पळत आला. त्याला वाटलं मला शॉक बसला.

"अरे, बाप झालो मी!"

"अय्यो! कुणी सांगितलं?"

मी मीटरकडं बोट दाखवलं. शिवाप्पानं एकदा मीटरकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. पण मनाचा दिलदार माणूस. म्हणाला, "मग गूळ आणा की." डब्यात गुळाचा खडा होता तो फोडून आम्ही खाल्ला. मी वरच्या उपकेंद्रालाही फोन करून सांगितलं. तिथल्या साहेबानं अभिनंदन केलं आणि लगेच फीडर बंद करायला सांगितला. शिवाप्पाचं काम त्याच बाजूला होतं. उरलेला गूळ कागदात बांधून तो सायकलवर निघाला, म्हणाला, "वैनींच्या हातात देऊन येतो."

दिवस कलताना परत आला तो सायकल ढकलतच, हसून हसून पोट धरलेलं.

"काय झालं? पोरगं का पोरगी?"

"दारात बसून ज्वारी निवडायलेत की वैनी! पोट हे एवढं!"

झालं असं होतं, दाब कमी आला म्हणून मोटार आपोआप बंद पडली होती आणि मामांनी ती पुन्हा चालू केली होती. एवढंच. त्या फीडरवरचा दाब कमी होता, हे मला समोरच्याच मीटरवर दिसत होतं. पण मी तिकडं बघितलं असेल तर शपथ. बघण्याचा पगार घेणारा माणूस! शिवाप्पानं कमलचा निरोप आणला होता, तो त्यानं तिच्याच सुरात म्हणून दाखवला, "त्यान्ला म्हणावं, येवढी घाई असंल तर तुमीच बाळंत व्हा."

मामांचाही निरोप होता. आता दोनदा नाही, तीनदा. चालू-बंद, चालू-बंद, आणि मग चालू. मोटारीला त्रास होतो, पण इलाज नाही. वरून आणखी एक, "जावयाला सांगा, गूळ जपून खावा."

त्यानंतर मी पुन्हा मीटरपुढं बसलो खरा, पण आधीसारखा नाही. आधी काटा म्हणजे मामांचा शब्द होता. आता तो नुसता काटा झाला. खरं सांगू, मला त्याची भीती वाटायला लागली.

मग वळवाचं वादळ आलं. पाऊस नावाला नाही, नुसतं वारं आणि धूळ. दुसऱ्या फीडरवरचे खांब आडवे झाले, शिवाप्पा गँगबरोबर तिकडं गेला. माझा जोडीदार ऑपरेटर कावीळ होऊन आधीच गावी गेलेला, त्याच्या जागी कुणी यायचं होतं. उपकेंद्रात मी एकटा. आणि दुसऱ्या सकाळी काटा उडालाच नाही.

मी दाब बघितला, ठीक. फ्यूज बघितले, ठीक. गिरणीची धुगधुगी काट्यात दिसत होती, म्हणजे तार तुटलेली नव्हती. मोटारच सुरू नव्हती. असेल, मामा उशिरा उठले असतील. पण मामा कधी उशिरा उठले? ऊन वर आलं, खडी तापली, काटा तसाच पडलेला. पुढं वरून फोन आला, फीडर बंद करा. मी बंद केला. आता तर काट्याला उडायचं म्हटलं तरी उडता येणार नव्हतं.

मग मी दाराशी खुर्ची टाकून वाटेकडं बघत बसलो. त्या दुपारी मी काय मागत होतो, तर कुणी येऊ नये. आयुष्यभर माणसासाठी तरसलेला मी, त्या दिवशी म्हणत होतो, या माळावर एकही माणूस येऊ नको देऊ. आणि नेमका एक माणूस दिसला. लांब, उन्हात हलणारा, डोक्याला पांढरं गुंडाळलेला. तो आमच्याच वाटेनं यायला लागला. उठून सामोरं जावं, तर उठवेना. तो कुंपणाशी आला आणि म्हणाला, "जरा पाणी मिळंल का? माकणीच्या धरणावर कामाला चाललोय."

मी त्याला तांब्या भरून दिला. मग दुसराही दिला. तो अवघडला, "आवं, बास झालं, तुमाला ऱ्हाऊ द्या." त्याला काय सांगू की बाबा, तू नुसता तहानलेला निघालास म्हणून माझ्या घरचं सगळं पाणी तुला पाजलं तरी कमीच.

दुसऱ्या दिवशीही सकाळ तशीच गेली. वरून फोन आला, फीडर बंद केला. मी खाल्लं की नाही, आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी पॅनेलला टेकून जमिनीवर बसलो होतो आणि कमलला शिव्या देत होतो, कशाला गेलीस म्हणून. मग मामांना दिल्या. मग रडलो. बघायला कुणी नव्हतं, त्यामुळं मोकळं रडलो.

उन्हं उतरताना फोन आला, फीडर चालू करा. चालू केला. काटा थोडा वर आला, गिरणीपुरता. मी मान फिरवणार, तोच उडाला. पडला. मी उठून उभा राहिलो. पुन्हा उडाला, पण अर्धवट, कचरत, आणि पडला. मामांच्या हाताची ही चाल नव्हती. मामा मोटारीचा दांडा ओढायचे तो एका दमात. पुन्हा दाबाचा खेळ असेल म्हणून मी यावेळी दाबाकडं बघितलं. दाब चांगला होता. मग बराच वेळ काही नाही. इतका वेळ, की मी म्हणालो, संपलं. आणि तिसऱ्यांदा काटा उडाला, स्थिर झाला, आणि राहिला.

मी पॅनेलवर दोन्ही हात ठेवून उभा राहिलो. पत्रा तापलेला होता. "झालं," मी मोठ्यानं म्हणालो. ऐकायला ट्रान्सफॉर्मर होता. गूळ मात्र खाल्ला नाही. माझा विश्वासच बसत नव्हता. हसू येत होतं आणि धीर होत नव्हता. बदलीचा माणूस येईपर्यंतचे दिवस मी तसेच काढले, अर्धा बाप होऊन.

गावात पोचलो तेव्हा सगळं कळलं. वादळाच्या रात्री कमलचं पोट दुखायला लागलं. बाळ आडवं होतं. धरणावरच्या कंत्राटदाराची जीप मिळाली, मामा आणि मामी तिला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले. घाईत मोटारघराची किल्ली मामांच्या बंडीच्या खिशातच राहिली. गाव दोन दिवस हौदाशी घागरी मांडून बसलं होतं. दुसऱ्या दिवशी कमल बाळंत झाली, आणि मामांनी किल्ली देऊन मामींना एसटीनं गावाकडं धाडलं, की गावाला पाणी सोडायला कुणाला तरी सांग.

मामींनी कुणाला सांगितलं नाही. या बाईनं जन्मात विजेच्या बटणाला हात लावला नव्हता. घरातला दिवासुद्धा दुसऱ्याला लावायला सांगायची. ती एसटीतून उतरली, घराकडं न जाता तडक मोटारघरात गेली, पदराच्या घडीनं तो दांडा धरला आणि ओढला. बायका घागरी घेऊन धावल्या. पाणी आलं. मामींनी मोटार बंद केली. पुन्हा ओढला, पाणी आलं, पुन्हा बंद. बाहेर बायकांनी आभाळ डोक्यावर घेतलं, "आगं, दोन दिसांनी पानी आलं आन् तू खेळ करायलीस व्हय गं?"

मामी आतून ओरडली, "गप बसा जरा! माझ्या जावयाला सांगायलेय!"

हे मला गावातल्या बायकांनीच सांगितलं. पुढं कित्येक वर्षं मी गावात गेलो की कुणीतरी म्हणायचंच, "आले का, मोटारीचे जावई?"

तालुक्याच्या दवाखान्यात कमल खाटेवर होती, चेहरा मातीसारखा. शेजारी फडक्यात सुजाता. कमलनं डोळे उघडून आधी काय विचारलं असेल? "काटा दिसला का?"

"दिसला."

"मग एवढा उशीर?"

पुढं पाऊस झाला. विहिरी भरल्या, रब्बीला लोकांनी मोटारी पुन्हा विहिरींवर नेल्या. माझा काटा दिवसेंदिवस वर चढत गेला, गच्च भरला. सगळ्यांच्या शेतात पाणी आलं याचा मला आनंद होता, मी काही राक्षस नाही. पण त्या गर्दीत मामांची मोटार मला पुन्हा कधीच ओळखता आली नाही. सकाळी दातण तोंडात धरून मी बघायचो. कमल आतून म्हणायची, "आता मी हितं हाय की! काय बघताय तिकडं?" तिला काय सांगायचं! ती जवळ असतानाही मला त्या काट्याची आठवण यायची.

आता मामा नाहीत, मामी नाहीत. कमललाही जाऊन तीन वर्षं होतील. बाळंतपणाच्या गोष्टीतला मीच एकटा उरलो, आणि सुजाता, जिला त्यातलं काही आठवायचं कारण नाही.

गेल्या महिन्यात मला ताप आला. सकाळी उठवेना. रोज उठल्यावर मी आधी बोअरची मोटार लावतो, टाकी भरतो. त्या दिवशी पडूनच राहिलो. थोड्या वेळानं दार वाजलं. देशमाने सर.

"काका, बरं आहे ना? सुजाताताईंचा फोन आला, तुमची मोटार सुरू झाली नाही म्हणून."

मी उठून बसलो. "तिला काय माहीत?"

मग उलगडा झाला. छतावर तिनं सोलार बसवून दिलंय. त्याच्या यंत्रातून घरात किती वीज चालू आहे, ते तिला तिकडं पडद्यावर दिसतं. मला वाटायचं, बिलासाठी असेल. ती रोज सकाळी, ती सगळी चॅनेलं उघडायच्या आधी, माझी रेघ बघते. रेघ वर गेली, म्हणजे बाबा उठले. रविवारपर्यंत तिला फोनची गरज वाटत नव्हती, कारण तिची माझी भेट रोजच होत होती. मला तेवढं कळलं नव्हतं. ताप उतरेपर्यंत मी त्याचाच विचार करत होतो. राग आला, की हिनं मला सांगू नये? आणि मग राग कुठल्या कुठं गेला.

ताप गेल्यावरची ती सकाळ. मी दातण तसंच तोंडात ठेवून मोटारीच्या बटणाशी गेलो. चालू केली. बंद केली. जरा थांबलो. चालू केली, बंद केली. माझाही हात कचरत होता. मग तिसऱ्यांदा चालू केली आणि राहू दिली. वर टाकीत पाण्याची धार पडायला लागली.

म्हटलं, तिला वाटेल मोटार बिघडली. कुणी मेकॅनिकलाच पाठवील.

फोन वाजला. कामाचा वार, सकाळची वेळ. मी उचलला. मग आवाज आला, हुबेहूब तिच्या आईचा.

"काय झालं, बाबा? पोरगं का पोरगी?"

म्हणजे कमलनं तिला सांगितलं होतं. कधी, कुठं, मला पत्ताच नाही.

"पोरगी," मी म्हणालो. पुढं म्हणायचं होतं, दोघी खुशाल आहेत. मामांचा करारच तसा होता, दोघं खुशाल असली तरच तीनदा. मी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, आणि आता 'दोघी' म्हणता येईना.

तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. टाकी भरून पाणी खाली सांडायला लागलं, तरी मी मोटार बंद करायला उठलो नाही.